वस्तूंसाठी नको, तासांसाठी पैसे मागा

प्रश्न: मी तालुक्याच्या गावातल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवते. जवळच्या वृद्धाश्रमात ५२ निवासी आहेत, त्यांतल्या चौदा जणांना विसराळूपणाचा त्रास आहे. आमच्या विद्यार्थिनी, गावातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक आणि महिला भजनी मंडळ मिळून तिथे कलेचा नियमित उपक्रम करावा, अशी कल्पना आहे. एमआयडीसीतल्या एका कंपनीकडे सीएसआरसाठी (कंपन्यांनी नफ्यातून समाजोपयोगी कामांवर करायचा खर्च) अठरा लाखांचा प्रस्ताव दिला होता: कलाकक्ष, साउंड सिस्टीम, मोठा टीव्ही, कीबोर्ड, वार्षिक महोत्सव. 'लाभ नेमका कोणाला आणि कसा, ते स्पष्ट नाही' असा शेरा मारून तो परत आला. प्रिन्सिपल मॅडम म्हणतात, हे तास अभ्यासक्रमात धरता येणार नाहीत. दोनदा चित्रकलेचा तास घेऊन पाहिला. पहिल्यांदा वीस जण आले, दुसऱ्यांदा सहाच. आमची परदेशात असलेली एक माजी विद्यार्थिनी पैसे पाठवायला तयार आहे, ते घ्यावेत का? सुरुवात कुठून करू?

उत्तर: मॅडम, कंपनीचा शेरा रास्त आहे. तुमच्या अठरा लाखांत वस्तू भरपूर आहेत, पण आठवड्यातून किती वेळ, कोण, कोणाजवळ बसणार हे कुठेच दिसत नाही. वृद्धाश्रमांना टीव्ही आणि साउंड सिस्टीम देणारे दाते मिळतात, पण दर मंगळवारी सकाळी हमखास येणारा माणूस मिळत नाही. त्या माणसाच्या वेळेसाठी पैसे मागा. प्रस्ताव पाचव्या हिश्श्यावर येईल आणि मंजूर होण्याची शक्यता वाढेल.

आधी तुमचा दुसरा तास का फसला ते पाहू, कारण प्रस्तावातली कलमं त्यातूनच निघतात. वीस जणांना एका खोलीत बसवलं की ऐकू कमी येणाऱ्याला सूचना कळत नाही, आणि ज्याचा हात थरथरतो तो शेजाऱ्याचं चित्र पाहून ब्रश खाली ठेवतो. दोन्ही तास दुपारी घेतले असतील, तर विसराळूपणा असलेल्यांपैकी काहींची अस्वस्थता दिवस कलताना वाढते, हेही धरा. गट आठांचा करा, विसराळूपणा असलेल्यांचा वेगळा आणि पाच-सहांचाच. वेळ सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा. पंचेचाळीस मिनिटांच्या वर जाऊ नका. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेणाऱ्यांना मध्येच उठावं लागतं, त्यांना दाराजवळची खुर्ची द्या. पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपाचा डोस दिल्यानंतर साधारण पाऊण ते एक तासाने हात मोकळा होतो, त्याचं काम त्या वेळेशी जुळवा. इन्सुलिनवर असलेल्यांचं खाणं झालंय का, ते आधी विचारायचं. चित्रकलेचे सर हे पाहणार नाहीत आणि आश्रमातल्या मावशींना तेवढी फुरसत नसते. विद्यार्थिनींचं काम इथून सुरू होतं, आणि प्रिन्सिपल मॅडमच्या हरकतीचं उत्तरही इथेच आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात (२०२१ पासूनची सत्र-क्रेडिट पद्धत) चौथ्या सत्रातल्या अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग-२ मध्ये जेरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वृद्धांचं, नर्सिंग आहे. स्मृतिभ्रंश, म्हणजे हाच विसराळूपणा, तर तुमच्याच विषयात येतो. क्लिनिकलचं एक क्रेडिट म्हणजे ८० तास. 'कलेचा तास' या नावाने अर्थातच ते मोजले जाणार नाहीत. पण विद्यार्थिनीने त्या पंचेचाळीस मिनिटांत दोन निवासींची पकड, नजर, ऐकू येणं, थकवा, गिळण्याची अडचण, पडण्याचा धोका आणि संवाद यांची नोंद केली, ट्यूटरने लॉगबुकवर सही केली आणि नंतर अर्धा तास केसवर चर्चा झाली, तर ती जेरिअ‍ॅट्रिक असेसमेंटची पोस्टिंग आहे. कला हे तिथे असेसमेंट करण्याचं निमित्त. तुमच्या क्लिनिकल रोटेशन प्लॅनमध्ये वृद्धाश्रमाचं नाव क्लिनिकल एरिया म्हणून घाला, उद्दिष्टं अभ्यासक्रमाच्या भाषेत लिहा आणि सत्र सुरू होण्याआधी अ‍ॅकॅडमिक कमिटीच्या इतिवृत्तात ते मंजूर करून घ्या. सत्र अर्ध्यावर आल्यावर मागितलेली मंजुरी सहसा मिळत नाही. जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींनाही घ्यायचं असेल तर त्यांचं रोटेशन वेगळं आखा. दोन्ही अभ्यासक्रमांचे तास एका रजिस्टरवर लिहिले की तपासणीच्या वेळी गोंधळ होतो.

आता पैसे. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची सातमध्ये, म्हणजे सीएसआरचा पैसा कशावर चालतो त्या यादीत, ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम, डे केअर सेंटर आणि 'तत्सम सुविधा' असा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षणाचं कलम वेगळं, पारंपरिक कलांचं वेगळं. तिन्हींत थोडं थोडं बसवण्याचा मोह होईल. तसं करू नका. मुख्य कलम ज्येष्ठांच्या सुविधेचं धरा आणि शिक्षण व कला ही साधनं म्हणून लिहा. तीन कलमांवर विसंबलेल्या प्रस्तावात लाभार्थी कोण हे वाचणाऱ्याला शोधावं लागतं, आणि तुमच्यावर आलेला शेरा नेमका तोच आहे.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा? वृद्धाश्रमाच्या, कॉलेजच्या नाही. कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेमार्फत सीएसआरचा पैसा खर्च करायचा, तर त्या विश्वस्त संस्थेकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, सीएसआर-१ अर्ज भरून मिळणारा क्रमांक लागतो, आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. ज्येष्ठांच्या सेवेचा अनुभव आश्रमाकडे आहे. तुमच्या शिक्षण संस्थेकडे असलेला अनुभव शिकवण्याचा आहे. आश्रमाने सीएसआर-१ भरला नसेल तर तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरतात, विश्वस्ताची डिजिटल सही आणि व्यवसाय करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन लागतं. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तांच्या बदलाचा अर्ज प्रलंबित असेल तर तो आधी पाहा. कागदावर जुनेच विश्वस्त आणि सही नव्या अध्यक्षांची, असं झालं की कंपनीच्या छाननीत फाइल तिथेच अडकते.

कंपनी हॉस्पिटल किंवा होम केअर चालवणारी असेल आणि 'शिकलेल्या मुलींनी दोन वर्षं आमच्याकडेच नोकरी करावी' अशी अट घालत असेल, तर ती अट मान्य करू नका. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं किंवा फक्त तिच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. उद्या ऑडिटमध्ये प्रश्न निघाला तर खुलासे देत तुम्हीही बसाल.

खर्चाचा आराखडा साधारण असा येईल. दर तुमच्या भागात जे असतील ते घाला, मांडणी तेवढी ठेवा. बत्तीस आठवडे, आठवड्याला दोन गट, म्हणजे ६४ सत्रं. कलाकाराचं मानधन सत्राला १५०० रुपये धरलं तर ९६,०००. सर आणि ट्यूटर यांच्या आठ तयारी बैठकांचं मानधन १२,०००. विद्यार्थिनींची ने-आण, ३२ फेऱ्या, प्रत्येकी १२०० प्रमाणे ३८,४००. साहित्य सत्राला २०० प्रमाणे १२,८००. सत्रात थांबणाऱ्या मावशींना जादा वेळेचे २०० प्रमाणे १२,८००. अर्धवेळ समन्वयक दहा महिने, ८००० प्रमाणे ८०,०००. सुरुवातीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण २५,०००, मूल्यमापन आणि छपाई १५,०००, हिशेब आणि ऑडिट १२,०००. बेरीज ३,०४,००० आणि पाच टक्के आकस्मिक धरून ३,१९,२००. यात साहित्याचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तो तसाच राहू द्या.

मावशींचे २०० रुपये काटकसर म्हणून कापू नका. त्यांना वगळून केलेला उपक्रम आश्रमात टिकत नाही: आजींना वेळेवर अंघोळ घालून, चष्मा पुसून, कानातलं यंत्र लावून आणतात त्या मावशीच. त्यांच्या दृष्टीने तुमचा तास हे फक्त वाढीव काम असेल, तर दुसऱ्या आठवड्यापासून आजी 'झोपल्यात' असंच कळेल.

कंपनीकडून बहुधा ऐकायला मिळेल, 'प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.' ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवरचा खर्च त्यात येत नाही, हे मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तर परिपत्रकात दिलेलं आहे. समन्वयकाचा पगार 'प्रशासन' या शीर्षाखाली लिहिलात तर तो कापला जाईल, 'प्रकल्प अंमलबजावणी' खाली लिहा. कलाकक्षासारखी काही मालमत्ता घ्यायचीच झाली, तर ती सीएसआर-१ क्रमांक असलेल्या संस्थेच्या, लाभार्थींच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर लागते, कंपनीच्या नाही. भाड्याच्या इमारतीत सीएसआरच्या पैशातून बांधकाम करणं शक्यतो टाळा.

वेळेचं गणित वेगळंच आहे. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, कॉलेजचं सत्र त्याला जुळत नाही. मार्चमध्ये घाईने दिलेला पैसा लगेच खर्चाचं प्रमाणपत्र मागतो, आणि नेमक्या त्या घाईत टीव्ही विकत घेतले जातात. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बोला, पुढच्या वर्षाच्या कृती आराखड्यात नाव घालून घ्या आणि 'चालू प्रकल्प' म्हणून तीन वर्षांची मागणी करा. प्रकल्प सुरू झाला ते आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तशी सोय नियमात आहे. मग वर्षाअखेरीला उरलेली रक्कम कंपनी स्वतंत्र खात्यात ठेवते आणि ती तुमच्या प्रकल्पासाठीच राहते. हप्ते बहुधा पन्नास, तीस, वीस टक्के असे मिळतात आणि शेवटचा वीस टक्के अहवालानंतर येतो. आपल्या आकड्यात ते जवळपास ६४,००० होतात. तेवढे दिवस सरांचं मानधन कुठून द्यायचं हे करार करण्याआधीच ठरवा. नाहीतर उपक्रम चौथ्या तिमाहीत थांबतो.

फलकाचाही विचार करा. 'अमुक कंपनीच्या सौजन्याने' इतकंच लिहिलंत आणि मालाची जाहिरात केली नाहीत, तर त्या देणगीवर जीएसटी लागत नाही (११ ऑक्टोबर २०१९ चं परिपत्रक). 'अमुक ब्रँडचं तेल वापरा' असं काही आलं की गणित बदलतं.

करार तिघांत करा: आश्रम, कॉलेज आणि कंपनी. सर व भजनी मंडळासाठी एका पानाचं वेगळं पत्र पुरे. करारात तीन गोष्टी कडक शब्दांत हव्यात. पहिली, विद्यार्थिनी म्हणजे आश्रमाच्या कमी पडलेल्या मनुष्यबळाची भरती नाही. शिकण्याचा भाग असेल तेवढंच अंघोळ-कपड्यांचं काम, तेही ट्यूटरसमोर. यावर भांडण होतंच, म्हणून आधीच लिहा. दुसरी, सत्र चालू असताना कोणी पडलं किंवा घशात काही अडकलं तर पहिला फोन कोणाला, गाडी कोणाची, नातेवाइकांना कोण कळवणार. तिसरी, सर्दी-खोकला असलेल्या मुलीने त्या आठवड्यात यायचं नाही, आणि आश्रमात खरजेची साथ दिसली तर उपचार पूर्ण होईपर्यंत सत्रं बंद. वसतिगृहात खरूज पोचली की ती घालवायला महिने लागतात.

संमती तीन वेगळ्या सह्यांत घ्या: सहभागाची, फोटो-ध्वनिमुद्रणाची आणि कलाकृती बाहेर दाखवण्याची. एकाच कागदावर तिन्ही आली की आजी सगळ्याला हो म्हणतात आणि महिन्याने कंपनीच्या कॅलेंडरवर स्वतःचा चेहरा पाहून नाराज होतात. विसराळूपणा असलेल्यांच्या बाबतीत घरच्यांची सही असली तरी दर सत्राला तोंडी विचारायचं, आणि मान फिरवली तर तो नकार. चित्र त्या माणसाच्या मालकीचं. विक्री झाली तर पैसे कोणाला, हे आधी ठरवा.

प्रत्यक्ष सत्रातल्या काही बारीक गोष्टी, ज्या सर आणि मुली दोघांना दाखवाव्या लागतील. ब्रश धुवायचं पाणी कपात किंवा पेल्यात कधीच ठेवू नका. रंग कालवलेलं पाणी चहासारखं दिसतं आणि विसराळूपणा असलेली व्यक्ती ते पिते. रुंद तोंडाची, बसकी बरणी वापरा. कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने टेबलाला लावा, म्हणजे सांधे दुखणाऱ्याला दुसऱ्या हाताने कागद धरावा लागत नाही. ब्रशच्या दांडीवर फोमची नळी चढवली की पकड सुटत नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा-जांभळा वेगळा ओळखू येईनासा होतो, तेव्हा सुरुवातीला लाल, पिवळा, काळा द्या आणि पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद ठेवू नका. गोधडीचे टाके घालायचे असतील तर सुया मोजून द्या आणि मोजून घ्या. मधुमेहामुळे बोटं बधिर असलेल्यांना टोचलेलं कळत नाही, म्हणून सत्र संपल्यावर बोटं पाहायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुईऐवजी तुकडे जुळवण्याचं काम द्या.

भजनी मंडळाला दोनच सूचना. रेकॉर्डवर असते त्यापेक्षा पट्टी दोन-तीन सूर खाली घ्या, कारण म्हातारपणी आवाज वर चढत नाही आणि गाता आलं नाही की माणूस गप्प बसतो. आणि टाळ जपून वाजवा, कानाच्या यंत्रात तो कर्कश होतो. ओव्या आणि भोंडल्याची गाणी निवासींकडूनच काढून घेता येतात, फक्त सर्वांना त्या येतीलच असं धरू नका. शहरी नोकरदार आजींना कदाचित रेडिओवरची नाट्यपदं जास्त जवळची असतील. अभंग-भजनांत काहींना रस नसतो किंवा त्यांचा धर्म वेगळा असतो. त्यांच्यासाठी त्याच वेळी दुसरं काही हवं.

विसराळूपणाच्या गटात 'आठवतंय का?' हा प्रश्न बंद. तो परीक्षेसारखा वाटतो आणि उत्तर न आलेला माणूस ओशाळतो. अमेरिकेत अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेल्या टाइमस्लिप्स पद्धतीत एक अनोळखी, थोडं गमतीदार चित्र मध्ये ठेवतात आणि 'ही बाई कुठे निघालीय?', 'पिशवीत काय असेल?' असे प्रश्न विचारतात. जे उत्तर येईल ते, विसंगत असलं तरी, एक विद्यार्थिनी मोठ्या कागदावर जसंच्या तसं लिहिते आणि मध्ये मध्ये वाचून दाखवते. चूक-बरोबर काहीच नसतं. मुलींसाठी याहून चांगला संवादाचा तास आम्हाला माहीत नाही, आणि याला खर्च जवळपास शून्य.

मोजमाप कंपनी मागणारच. बुद्धी शाबूत असलेल्यांसाठी पंधरा प्रश्नांची जेरिअ‍ॅट्रिक डिप्रेशन स्केल (वृद्धांमधलं नैराश्य मोजणारी) पुरेशी आहे आणि ती मुक्तपणे वापरता येते. विसराळूपणा असेल तर काळजी घेणाऱ्याकडून माहिती घेऊन नैराश्य मोजणारी कॉर्नेल स्केल. एमएमएसई (स्मृती-बुद्धी तपासणारी चाचणी) घाऊक छापून वाटू नका, तिचे हक्क राखीव आहेत. मुलींची वृद्धांकडे पाहण्याची दृष्टी मोजायला कोगनची ३४ विधानांची प्रश्नावली जुनी पण वापरातली आहे. यातून प्रबंध किंवा पेपर काढायचा विचार असेल तर नैतिकता समितीची मंजुरी पहिली नोंद घेण्याआधी घ्या, नंतर मिळालेली चालत नाही. आणि न बोलावता किती जण स्वतःहून आले, हा आकडा दर आठवड्याला लिहा. आमच्या मते सगळ्यात खरा तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात कला आणि आरोग्यावरच्या ९०० हून अधिक प्रकाशनांचा आढावा आहे, त्याचा संदर्भ प्रस्तावात जरूर द्या. पण 'स्मृतिभ्रंश थांबेल' असं लिहू नका. मूड, एकटेपणा, सहभाग इथपर्यंतच दावा करा.

परीक्षा आणि सुट्ट्यांत मुली येत नाहीत आणि आजी-आजोबा मंगळवारी दारात बसून राहतात. त्या आठवड्यांत सर किंवा मंडळ एकटं येईल असं वेळापत्रक आधीच बनवा आणि ते मोठ्या अक्षरांत जेवणघरात लावा. एखादा निवासी गेला तर त्या आठवड्याची नोंद-चर्चा त्याच्यावरच घ्या. यातल्या बऱ्याच मुलींनी मृत्यू जवळून पाहिलेला नसतो.

आता माजी विद्यार्थिनीचा प्रश्न. तिच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि ती स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल, तर तो विदेशी निधी धरला जात नाही. पासपोर्टची प्रत घेऊन आश्रमाने पावती द्यावी. तिने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, तो पैसा एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येतो आणि नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. तुमच्या शिक्षण संस्थेची एफसीआरए नोंदणी असेल तर तिथे घेऊन आश्रमाकडे वळवू, असं कोणी सुचवेल. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. तो कॉलेजने स्वतःच्या कामावर खर्च करावा, उदाहरणार्थ मुलींच्या ने-आणीवर, आणि आराखड्यातले ते ३८,४०० कंपनीकडे मागू नयेत.